जामठ्याची वही



गेल्या काही अंकांत मुदतठेवींचे व्याज, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र असे रुक्ष विषय या सदरातून मांडले. आज आपल्या परवानगीने एका निराळ्या वहीची पाने उलगडतो. ही वही रोकडीची नव्हे आणि उधारीचीही नव्हे. हिवाळ्यात नागपूरजवळच्या जामठा येथे, विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर, रणजी करंडकाचे सामने होतात. सेवानिवृत्तीनंतर मी ते पाहावयास जातो आणि तेथे बसून खेळाडूंची चित्रे काढतो. वर्ध्याहून सकाळची एस. टी. धरावी, पवनार, सेलू, केळझर मागे टाकीत बुटीबोरी गाठावी. तेथून जामठा फार दूर नाही. साडेनऊला खेळ सुरू होतो, साडेचारला थांबतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आपल्यासारख्यांना इतका सोयीचा दुसरा खेळ मला ठाऊक नाही!

दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात. घरी दूरचित्रवाणीवर सारे जवळून दिसत असताना प्रवासाचा हा खटाटोप कशासाठी? आणि खिशात मोबाइल असताना पेन्सिल कशाला? दोन्हींचे उत्तर एकच आहे. दिवसाची नव्वद षटके म्हणजे पाचशे चाळीस चेंडू. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून एकेक चेंडू सहा सेकंद जिवंत राहतो असे धरले, तरी सारी बेरीज तासाभराच्या आत भरते. खेळाच्या सहा तासांपैकी उरलेले पाच तास ही माणसे करतात काय? ती वाट पाहतात, चालतात, घाम पुसतात, जागा बदलतात, मनाशी काही ठरवतात. दूरचित्रवाणी तो पहिला तास दाखवते आणि उरलेल्या पाच तासांत जाहिराती दाखवते. छायाचित्रकारही त्याच एका तासाच्या मागावर असतो. मला ते पाच तास हवे असतात. स्लिपमधला क्षेत्ररक्षक दोन चेंडूंच्या मध्ये गुडघ्यांवर हात कसे टेकवतो, वेगवान गोलंदाज माघारी चालत जाताना कोणता खांदा खाली सोडतो, शॉर्टलेगवरचा पोरगा शिरस्त्राणाचा पट्टा किती वेळा चाचपतो, हे सारे तेथे बसल्यावाचून कळत नाही. आणि चित्र काढावयास घेतल्यावाचून ते नीट दिसतही नाही.

आता वहीविषयी. बाजारात चित्रकलेच्या सुबक वह्या मिळतात. नातवाने मला एक भेटही दिली होती. मी वापरतो ती मात्र लाल कापडी बांधणीची, लांबोडकी, आपल्या दुकानांत दिवाळीला पूजेत ठेवली जाते ती वही. संगणक आल्यापासून पुष्कळ पेढ्यांत ती केवळ पूजेपुरती उरली आहे. तिच्या पानांना रेघा नसतात, उभ्या घड्या घातलेल्या असतात, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. या घड्या माझ्या फार उपयोगी पडतात. गोलंदाजाची धाव, उडी, हात फिरणे, चेंडू सुटणे आणि तोल सावरणे, यांना एकेक घडी दिली की सबंध क्रिया एका पानावर ओळीने उभी राहते. डावे पान जमेचे, उजवे नावेचे. विदर्भाचे खेळाडू मी जमेच्या बाजूस काढतो आणि पाहुणे नावेच्या बाजूस. हा पक्षपात आहे, पण तो मी सोडणार नाही.

चित्र काढण्याची रीतही सांगून टाकतो. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या, तेवढेच माझे शिक्षण. पुढे चित्रकलेची जागा वाणिज्य शाखेने आणि नंतर बँकेने घेतली. धावणारा माणूस एका दृष्टिक्षेपात कागदावर उतरवणे मोठ्या चित्रकारांचे काम. मला वाचवते ते क्रिकेटचे षटक. गोलंदाज तीच क्रिया सहा वेळा करतो. पहिल्या चेंडूला मी फक्त पाठीची रेघ घेतो. मणका कोठे वाकतो एवढेच पाहतो. दुसऱ्याला पुढचा पाय. तिसऱ्याला गोलंदाजीचा हात, चौथ्याला दुसरा हात. तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, पण तोल त्याच्यावर असतो. पाचव्याला डोके. सहाव्याला काहीही काढायचे नाही, नुसते पाहायचे. मग षटक संपते, बाजू बदलते आणि दुसऱ्या टोकाचा गोलंदाज पाठमोरा दिसू लागतो. त्याचे वेगळे पान. अशी दोन अर्धवट चित्रे आळीपाळीने वाढत जातात. सोबत टू-बी आणि फोर-बी अशा दोन पेन्सिली आणि एक छोटी दुर्बीण असते. खोडरबर मी नेत नाही. रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही, तोच नियम येथेही.

आपल्या सेवाग्रामचा एक धागा येथे आठवतो. गांधीजी तेथे राहू लागल्यानंतर १९३८ साली गुजरातेत हरिपुऱ्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यासाठी त्यांनी नंदलाल बोस यांच्याकडून चित्रफलक करवून घेतले. विषय काय, तर खेड्यातली कष्टकरी माणसे आणि त्यांचे रोजचे काम. नंदलालबाबूंना जाता-येता छोट्या कार्डांवर रेखाटने करण्याची सवय होती. त्यांच्या पंगतीला बसण्याची माझी पात्रता नाही. पण काम करणाऱ्या माणसाकडे थांबून पाहावे, ही त्यांची दृष्टी क्रिकेटच्या मैदानावरही लागू पडते, एवढे मात्र अनुभवाने सांगतो.

रणजी सामन्याला गर्दी नसते. आंतरराष्ट्रीय सामना असला की जामठ्याला जाणारा वर्धा मार्ग वाहनांनी तुंबतो. रणजीच्या दिवशी एवढ्या विस्तीर्ण प्रेक्षागारात आम्ही विखुरलेले काही जण असतो. बहुतेक वृद्ध, काही महाविद्यालयीन मुले, एखाद्या खेळाडूचे नातलग. त्या शांततेत क्षेत्ररक्षकांचे एकमेकांना हाका मारणे स्पष्ट ऐकू येते. कोणी तिकीटही विचारीत नाही.

विदर्भाच्या क्रिकेटची जन्मपत्रिका तशी थोर आहे. कर्नल सी. के. नायडू नागपुरात जन्मले, १८९५ साली. १९३२ मध्ये भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा तेच कर्णधार होते. विदर्भाचा संघ या नावाने १९५७-५८ पासून रणजीत उतरतो. त्यानंतरच्या साठ वर्षांत मात्र आमच्या वाट्याला अंतिम फेरी एकदाही आली नाही. मी हिंगणघाट आणि पुलगावच्या शाखांत होतो त्या काळी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर तळाशी दोन ओळींत विदर्भाचा निकाल असे. आमचे रोखपाल तो वाचण्याआधीच विचारीत, ‘कितीने?’ कोण जिंकले हा प्रश्नच नसे. खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला, तो विदर्भाचा पहिला कसोटीपटू. तोपर्यंत त्या स्तंभाला आम्ही कधी फारसे महत्त्व दिले नव्हते.

आणि मग चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळू लागला आणि फैज फजलच्या नेतृत्वाखाली २०१७-१८ च्या हंगामात हा संघ थेट अंतिम फेरीत गेला. इंदूरला दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबाणीने हॅट्ट्रिक घेतली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि २०१८ सालच्या पहिल्याच दिवशी करंडक विदर्भाचा झाला. तो सामना मी पाहिला नाही. पुढच्या वर्षीचा अंतिम सामना मात्र जामठ्यालाच झाला, फेब्रुवारी २०१९ मध्ये, सौराष्ट्राविरुद्ध. त्याची वही माझ्यापाशी आहे.

त्या वहीत सर्वाधिक पाने आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकीपटूची आहेत. पहिल्या डावात विदर्भाच्या ३१२ धावा, सौराष्ट्राच्या ३०७. पाच धावांची आघाडी म्हणजे नाण्याच्या कडेएवढी. दुसऱ्या डावात विदर्भ २०० वर आटोपला आणि त्यांतल्या ४९ धावा सरवटेच्याच. चेतेश्वर पुजारा नुकताच ऑस्ट्रेलियात धावांच्या राशी ओतून आला होता. त्याला सरवटेने पहिल्या डावात १ आणि दुसऱ्या डावात शून्यावर बाद केले. सामन्यात त्याचे ११ बळी. सौराष्ट्र १२७ वर संपला आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. धावफलक इतकेच सांगतो. माझ्या पानांवर दिसते ते असे की हा गोलंदाज चेंडू टाकण्यापूर्वी डोके हलू देत नाही. खांदे फिरतात, हात फिरतो, डोके मात्र कोणी खुंटीला टांगल्यासारखे एका जागी. प्रत्येक घडीत मी त्याचे डोके काढले आहे आणि ती सारी एका आडव्या रेषेत येतात. हे मी ठरवून केलेले नाही. दुसऱ्या दिवशी पान उघडल्यावर ध्यानात आले.

हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगतो. अमेरिकेत बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखाच जिवाभावाचा खेळ आहे आणि तेथील जुने रसिक पेन्सिल घेऊन आपापले गुणपत्रक भरीत बसतात. आपल्याकडेही धावपुस्तिका लिहिण्याची रीत आहे. धावेवाचून गेलेल्या चेंडूला टिंब. षटक निर्धाव गेले की ती सहा टिंबे जोडून इंग्रजी एम अक्षर करायचे. दिवसअखेर फलंदाजांच्या धावा आणि अवांतर एकीकडे, गोलंदाजांनी दिलेल्या धावा दुसरीकडे; बाइज आणि लेगबाइज गोलंदाजाच्या नावे पडत नाहीत, तेवढे सोडून दोन्ही बेरजा जुळल्याच पाहिजेत. तेरीज जुळल्याचे समाधान ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या विद्येची गोडी लावावी लागणार नाही. मी चित्राच्या कडेला ही टिंबेही मांडीत असतो.

आता २०२४-२५ चा हंगाम. सरवटे विदर्भ सोडून केरळकडून खेळू लागला होता. उपांत्य सामन्यात गुजरातविरुद्ध केरळला आघाडी हवी होती. सरवटेचा चेंडू गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाने जोरात मारला, तो शॉर्टलेगच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. केरळ ४५७, गुजरात ४५५. या दोन धावांवर केरळ इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत आला. इकडे विदर्भाने जामठ्यालाच मुंबईला ८० धावांनी हरवले. अंतिम सामनाही जामठ्याला ठरला, २६ फेब्रुवारीपासून.

विदर्भाचे तीन गडी २४ धावांत गेले. मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली, दानिशच्या १५३. विदर्भ ३७९. केरळची फलंदाजी सुरू झाली आणि सरवटे खेळावयास आला. मला त्याला नावेच्या पानावर काढावे लागले. तेच उंच धरलेले डोके, तीच मान. फक्त हातात बॅट.

त्याने चौकार मारला तेव्हा माझ्या मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवली. त्यांच्या शेजाऱ्याला ती खटकली. ‘आपला असून आपल्याविरुद्ध खेळतो, त्याला टाळ्या?’ दुसरे म्हणाले, ‘अहो, करंडक आणून दिला होता त्यानं.’ दोघेही हट्टी. मी मागे वळलो नाही, पण माझे मत पहिल्यांच्या बाजूचे आहे. आपल्या पेढ्यांत वीस वर्षे काम केलेला मुनीम दुसऱ्या पेढीत गेला तर आपण त्याच्या मुलीच्या लग्नाला जाणे बंद करीत नाही. आणि तो गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या गादीवर कोणी तरुण बसतो, याकडेही पाहिले पाहिजे. सरवटेच्या जागी विदर्भाकडून हर्ष दुबे हा तरुण डावखुरा फिरकीपटू सबंध हंगामभर गोलंदाजी करीत होता. बिशनसिंग बेदी यांनी १९७४-७५ मध्ये ६४ बळी घेतले होते. त्यानंतर बिहारच्या आशुतोष अमनने एका हंगामात ६८ घेतले. हर्षने त्या हंगामात ६९ घेऊन हा विक्रम आपल्या नावावर केला.

सामन्याच्या तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, माझ्या शेजारी हिंगणघाटचे एक स्नेही आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा होता. स्नेह्यांचा तीन पिढ्यांचा कापसाचा व्यापार. मुलगा अकरावी वाणिज्यला, आणि डावखुरा फिरकी गोलंदाज. घरात त्यावरून महिनाभर अबोला चालला होता. ‘साहेब, तुम्ही चार गोष्टी सांगा त्याला. तुमचं ऐकेल तो,’ असा वडिलांचा फोन आला, तेव्हा मी म्हटले, ‘सांगतो, पण जामठ्याला या.’ ऐन हंगामात जिनिंग भावावर सोपवून ते जाममार्गे गाडीने आले, हेच मला विशेष वाटले.

पहिला तासभर वडील मोबाइलवर कापसाचे भाव पाहत होते. मुलगा मात्र जागचा हलला नाही. एका टोकाने हर्ष टाकीत होता, समोर सरवटे. डावखुऱ्या फिरकीपटूला डावखुरा फिरकीपटू खेळत होता, जुन्या जागेचा मालक आणि नवा. मी पानाच्या कडेला हर्षच्या हाताची छोटी रेखाटने घेत होतो, नुसता पंजा आणि मनगट. मुलाने वाकून पाहिले आणि एका रेखाटनावर बोट ठेवले.

‘आजोबा, हा चेंडू वळला नसेल ना? सरळ गेला असेल.’

‘कशावरून?’

‘बाकीच्यांत बोटं बाजूनं फिरताहेत. यात ती चेंडूच्या मागं आहेत, सरळ.’

मी कडेची टिंबे पाहिली. तो चेंडू खरोखरच वळला नव्हता, सरवटेने तो सोडून दिला होता आणि मी तशी खूण केली होती. वडिलांनी मोबाइल खाली ठेवला. ‘एवढ्यावरून कळलं तुला?’ त्यांनी विचारले. मुलगा संकोचला. या गृहस्थांना मी बाजार समितीच्या आवारात पाहिले आहे. गाडीतून चिमूटभर कापूस उचलतात, दोन बोटांत तंतू ओढतात आणि धाग्याची लांबी सांगून मोकळे होतात. प्रयोगशाळेचा दाखला नंतर येतो. त्यांच्या वडिलांनी त्यांना हे कधी शिकवले, ते त्यांनाही सांगता येत नाही. त्या क्षणी त्यांना काय वाटले ते मी विचारले नाही. पण त्यानंतर ते मुलाला प्रत्येक चेंडूगणिक काहीतरी विचारीत होते, आणि मी मात्र माझे चित्र काढू शकलो नाही.

उपाहाराच्या वेळी डबे उघडले तेव्हा मूळ प्रश्न आलाच. ‘साहेब, खरं सांगा, यात भाकरी किती?’ मी खरे तेच सांगितले. विदर्भाचे अकरा जिल्हे, मैदानावर उतरतात अकराच. सरावाला आयुष्यातली दहा वर्षे जातात आणि एका खांद्याच्या दुखापतीत सारे संपू शकते. बँकेच्या भाषेत हे विनातारण कर्ज आहे. मी अधिकारी असतो तर मोठी रक्कम मंजूर केली नसती. पण अर्ज फेटाळलाही नसता. लहान मर्यादा दिली असती आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी खाते तपासले असते. मुलाला हे फारसे आवडले नाही. तो म्हणाला, ‘म्हणजे बारावीपर्यंतच?’ वडील म्हणाले, ‘बारावीपर्यंत तर खेळ. सकाळी नेट, हंगामात दुपारी जिनिंगवर यायचं. मग बघू.’ महिन्याभराचा अबोला तेथे मोडला. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही.

सरवटे ७९ वर बाद झाला. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर गेला, शतकाला दोन धावा उणे. केरळचा डाव ३४२ वर संपला आणि विदर्भाला ३७ धावांची आघाडी मिळाली. अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी ज्याची त्याचा करंडक, असा नियम असल्याने त्या ३७ धावा म्हणजे जवळजवळ सामनाच होता. पुढचे दोन दिवस विदर्भाने नुसता खेळून काढले. करुण नायरच्या १३५. विदर्भ नऊ बाद ३७५ असताना कर्णधारांनी हस्तांदोलन केले. तिसऱ्यांदा करंडक. काहींना हा शेवट नीरस वाटला. मला तो फार आवडला. हाती आलेली शिल्लक दोन दिवस जपून ठेवणे सोपे नसते, आणि त्या दोन दिवसांत केरळचे क्षेत्ररक्षक आशा सोडताना कसे उभे राहतात याची माझी सर्वांत चांगली पाने भरली. सरवटे अखेरपर्यंत टाकीत होता. डोके हलले नाही.

स्नेह्यांनी त्या शुक्रवारी निघताना हातांच्या रेखाटनांचे पान मागितले होते. वहीचे पान फाडायचे नसते हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक. म्हणता म्हणताच त्यांनी जीभ चावली आणि मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले. कापसाच्या भावांच्या छायाचित्रांमध्ये ते आता कोठेतरी असेल.

नवा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. वाचकांपैकी कोणास यावयाचे असल्यास प्रेक्षागाराच्या पश्चिमेकडील बाजूस बसावे, दुपारनंतर तेथे सावली येते. टोपी आणावी, मुलांना आणावे, घाई घरी ठेवावी. लाल वही घेतलेला वृद्ध दिसला तर निःसंकोच शेजारी बसावे. फक्त षटक पूर्ण होईपर्यंत त्याच्याशी बोलू नये.